जुन्या पिकअपचं ब्रेक ऑइल: टाकलंत खरं, पण बदललंत कधी?

माळशेज घाट उतरताना माझ्या पिकअपचा ब्रेक गेला, तेव्हा बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी 'मॅक्स'च्या खुणेपर्यंत भरलेली होती. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण डबी भरलेली दिसली की आपण निर्धास्त होतो. मीही तसाच होतो.

गाडी २००९ ची, तेव्हा सात वर्षं चाललेली. ओतूरहून कांदा भरला आणि रात्री वाशी मार्केटला निघालो. खुबी फाटा मागे पडला, घाट लागला. पुढे एक भरलेला ट्रक मुंगीच्या पावलांनी उतरत होता. मी डिझेल वाचवायच्या नादात गाडी न्यूट्रलला टाकलेली आणि पाय सतत ब्रेकवर. आधी पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणावर पाय सरळ खाली टेकला, मॅटपर्यंत. तिसरा गियर, दुसरा गियर, हँडब्रेक, जे हाताला येईल ते केलं आणि शेवटी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात गाडी घुसवली. दोन गोण्या फुटल्या, बाकी निभावलं.

खरी गंमत पुढे आहे. अर्ध्या तासाने पेडल दाबून बघतो तर ब्रेक ठणठणीत! दुसऱ्या दिवशी एका फिटरने गाडी पाहिली. गळती नाही, ऑइल फुल, पॅड चांगले. म्हणाला, "लोड जास्त झाला असेल." लोड जास्त होताच, ते वेगळं. मग गावातल्या जुन्या फिटरकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पुढच्या चाकाचं निपल, म्हणजे ब्रेकमधलं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा पोकळ स्क्रू, उघडलं आणि दोन चमचे ऑइल स्टीलच्या बशीत काढलं. कोऱ्या चहासारखं काळपट, तळाशी गाळ.

"शेवटचं कधी बदललं?"

"चाचा, दर सर्व्हिसिंगला टाकतो की."

"टाकतोस. बदललंस कधी?"

सात वर्षांत एकदाही नाही. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो. आधी दोनदा चाचांच्या हाताखाली केलं, मग एकट्याने. गाडी जुनी झाली की यात काही जास्तीच्या भानगडी येतात आणि त्या कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बोलेरो पिकअप येते, पण पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या कुठल्याही जुन्या पिकअपला पुढचं सगळं लागू आहे.

पाणी शिरतं कुठून?

ब्रेक ऑइल नावालाच ऑइल आहे. आपण वापरतो ते डॉट ३ किंवा डॉट ४ ग्लायकॉल जातीचं असतं, आणि ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तसंच. डबीच्या झाकणाला श्वासासाठी बारीक वाट असते तिथून, रबरी होज पाइपच्या अंगातून, आणि आपण दर वेळी झाकण उघडतो तेव्हा, थोडं थोडं पाणी आत जात राहतं. ते वेगळं दिसत नाही, ऑइलमध्ये विरघळून जातं.

त्याने उकळायचं तापमान घसरतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. भरलेली गाडी घाटात ब्रेकवर धरली की पुढच्या कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड आवळतो तो भाग) जुनं ऑइल तिथवर तापू शकतं. उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र फुग्यासारखी दबते. पाय खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक परत येतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी फिटरला काही सापडलं नाही.

आता वरून टाकून भागत का नाही, ते बघा. इंजिन ऑइल फिरत असतं, ब्रेक ऑइल फिरत नाही. पेडल दाबलं की ते पाइपात थोडंसं पुढे सरकतं, सोडलं की तेवढंच मागे येतं. डबीत टाकलेलं नवं ऑइल चाकापर्यंत पोचतच नाही. सगळ्यात जुनं, ओलावलेलं ऑइल नेमकं चाकाशी बसून असतं, जिथे उष्णता सगळ्यात जास्त. माझ्या डबीत वर सोनेरी ऑइल होतं आणि कॅलिपरमध्ये सात वर्षांचा काढा.

१. आधी झाकण वाचा, मग दुकानात जा

डबीच्या झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असं कोरलेलं असतं. झाकण बदललेलं असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा. डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात. मी डॉट ४ च वापरतो, कारण आठवड्यातून दोनदा घाट आहे. उलट मात्र करू नका. डॉट ४ सांगितलं असेल तर डॉट ३ टाकू नका.

डॉट ५ आणि डॉट ५.१ मध्ये गल्लत होते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही, आपल्या गाडीत ते नकोच. डॉट ५.१ ग्लायकॉलचंच, पण महाग, आणि पिकअपला त्याची गरज नाही. दुकानदार "एकच आहे हो" म्हणाला तरी बाटली हातात घेऊन वाचा. सील फुटलेली बाटली घेऊ नका. घरात गेल्या वर्षीची अर्धी उरलेली असेल तर तीही वापरू नका. बाटली उघडल्या दिवसापासून ओलावा घेत असते.

आणि इंजिन ऑइल, स्टीअरिंग ऑइल, डिझेल यांतला एक थेंबही या डबीत जाता कामा नये. आमच्या शेजारच्या गाडीत ड्रायव्हरने घाईत हाताला लागलेल्या डब्यातलं ऑइल टाकलं, ते इंजिनचं निघालं. दोन दिवसांत रबरं फुगली आणि ब्रेक चाकांना चिकटून बसले. मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो, डबीखालचा) चारही चाकांपर्यंत सगळं रबर बदलावं लागलं, होज पाइपसकट. खर्च ऐकून मालकाने ड्रायव्हरशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

२. सामान जमवा

• डॉट ४ चं एक लिटर, म्हणजे ५०० मिलीच्या दोन सीलबंद बाटल्या. सगळं लागेलच असं नाही, पण मध्यात संपलं तर गाडी तशीच उघडी राहते.
• निपलच्या मापाचा पाना. गाडीप्रमाणे ८, १०, ११ मिमी असा असतो. रिंग पाना हवा आणि जुन्या गाडीला शक्यतो सहा कोनी गोटी पाना. तोंडाच्या पान्याने निपल गोल होतं.
• निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, फूट-दीड फूट. माशांच्या टाकीची नळी मिळते ती मला बरोबर बसली.
• पारदर्शक बाटली, गंज सुटायचा स्प्रे, तारेचा ब्रश, डबीतलं ऑइल ओढायला मोठी सिरिंज.
• हातमोजे, चष्मा, जुने सुती फडके आणि पाण्याची बादली. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर नुसतं पुसू नका, लगेच भरपूर पाणी टाका. माझ्या डाव्या मडगार्डवर तळहाताएवढा डाग अजून आहे.
• जॅक, पक्के स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे. दगड नको, दगड सरकतो.
• पेडलखाली ठेवायला साधारण दोन इंच जाडीचा आणखी एक लाकडी ठोकळा. याचं कारण पाचव्या पायरीत.
• एक भरवशाचा माणूस, जो सांगितल्याशिवाय पेडल सोडणार नाही.

कागद म्हणाल तर गाडीची पुस्तिका आणि एक वही पुरे. पण तारीख ठरवताना पासिंगचं, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचं बघा. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग करावं लागतं आणि तिथे ब्रेक तपासतातच. मी हे काम पासिंगच्या आधीच्या आठवड्यात करतो, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. पासिंग नेमकं पावसात येत असेल तर काम मेमध्येच उरकून घ्या. भर पावसात, दमट हवेत डबी उघडी ठेवून तासभर बसण्यात अर्थ नाही.

३. उघडण्याआधी गाडी तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि मग नवं ऑइल टाकूनही रडतात.

पातळी खाली गेलेली दिसली तर ती का गेली ते शोधा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑइल खाली जातं आणि डबीतली पातळी उतरते. ही गळती नव्हे. अशा वेळी वरून भरलंत तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर डबी ओसंडते आणि बॉनेटखाली रंगपंचमी. पॅड आणि लायनर (मागच्या ड्रमला आतून घासतात ते) चांगले असूनही पातळी उतरतेय, तर मात्र गळती आहे.

गळती शोधायच्या जागा: मागच्या चाकांच्या आत, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर ओल किंवा काळा चिकट ओघळ. म्हणजे व्हील सिलेंडर (ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलतो तो) गेला. होज पाइपला चिरा किंवा फुगवटा. चासीवरच्या लोखंडी पाइपांवर, विशेषतः क्लिपाखाली, गंज. कोकणात, खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाड्यांचे पाइप क्लिपाखालीच आधी कुजतात, तिथे चिखल साचून राहतो. शेवटची जागा सगळ्यात फसवी. मास्टर सिलेंडर आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवतो तो गोल डबा) जिथे जुळतात तिथे खालून बोट फिरवा. तिथून गळलेलं ऑइल बूस्टरमध्ये जातं आणि जमिनीवर एक थेंब दिसत नाही.

मग पेडल. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा दाबा, नंतर घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली बुडत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतलं रबर गेलंय. ऑइल बदलून ते जुळत नाही. पेडल तसंच दाबून इंजिन चालू करा. किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

एक दाब खोल जातो, दोन-तीन दाबांत वर येतं, असं असेल तर दोन शक्यता आहेत. ब्रेकच्या पाइपात हवा असेल, नाहीतर मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत. लांब गेलेले लायनर आणि हवा यांत फिटरसुद्धा फसतात आणि दिवसभर हवा काढत बसतात. हँडब्रेक नेहमीपेक्षा जास्त खट-खट वर येत असेल तर आधी मागचे लायनर ॲडजस्ट करून घ्या.

४. निपल मोकळी करून घ्या

जुन्या गाडीत अर्धा वेळ इथेच जातो. काम रविवारी करायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच चारही निपलांवरचा चिखल ब्रशने काढा आणि स्प्रे मारा. शनिवारी पुन्हा एकदा. रबरी टोपी असेल तर काढून ठेवा. नसेल तर नव्या घ्या, टोपीविना निपलच्या भोकात माती बसते.

रविवारी पाना बसवला की थेट झटका मारू नका. निपलच्या डोक्यावर हातोडीने दोन-चार हलक्या टिचक्या मारा, आधी अगदी जरासं घट्ट करायच्या बाजूला हलवा, मग सैल करा. कुरकुरलं तर थांबा, पुन्हा स्प्रे. पोकळ असतं ते, जोर लावला की डोकं हातात येतं. माझं मागचं उजवं असंच तुटलं होतं आणि गुपचूप व्हील सिलेंडर बदलावा लागला. म्हणून सांगतो, चारही निपल सुटतात याची खात्री होईपर्यंत डबीतलं ऑइल काढू नका. एक जरी अडलं तरी गाडी तशीच चालवत फिटरकडे नेता आली पाहिजे.

ही खात्री झाली की निपल लगेच बेताने घट्ट करा. ज्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे तिथे डबी कोरडी पडू देऊच नका. हवा त्या युनिटमध्ये गेली की ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

५. डबी साफ करा, पेडलखाली ठोकळा ठेवा

गाडी सपाट जागी, पहिल्या गियरमध्ये, जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला, म्हणून ठोकळ्यांवरच भिस्त आहे. त्यात कंजुषी नको. इंजिन बंदच.

झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा, मगच झाकण उघडा. सिरिंजने जुनं ऑइल ओढून घ्या. तळाशी गाळ असेल तर फडक्याने टिपून घ्या, पण तळाची भोकं उघडी पडून मास्टर सिलेंडरमध्ये हवा जाईल इतकं कोरडं करू नका. लगेच नवं ऑइल 'मॅक्स'पर्यंत. डबी रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने धुवायचा मोह आवरा. एवढंसं राहिलं तरी रबराची वाट लागते. पुसायचंच तर नव्या ब्रेक ऑइलने.

आता पेडलखालचा ठोकळा. एरवी आपण पेडल अर्ध्यापर्यंतच दाबतो, त्यामुळे मास्टर सिलेंडरच्या आतला तेवढाच भाग घासून गुळगुळीत राहतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ जमलेला असतो. हवा काढताना निपल उघडलं की पेडल तळापर्यंत जातं, रबर त्या खरबरीत भागावरून घासतं आणि फाटतं. मग लोक म्हणतात, "हवा काढायच्या आधी ब्रेक बरा होता." खरंच बरा होता! पेडलखाली ठोकळा ठेवला की पाय तळापर्यंत जात नाही. नव्या गाडीला याची काळजी नाही, आपल्या गाडीला आहे.

६. हवा काढा, चाकांच्या क्रमाने

मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, मास्टर सिलेंडरही उजवीकडे. म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. अमेरिकेतल्या व्हिडिओत मागच्या उजव्यापासून सुरू करतात, कारण त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. तिथे बघून इथे करायला जाऊ नका. तुमच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर पुस्तिकेचं ऐका.

पिकअपला एक खास गोष्ट असते. मागच्या अ‍ॅक्सलजवळ दांडी जोडलेला एक व्हॉल्व्ह बघा. गाडी भरलेली असली की स्प्रिंग दबतात, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो. रिकामी असली की कमी. तुम्ही चासीला जॅक लावून मागचा भाग उचललात तर अ‍ॅक्सल खाली लोंबकळतो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी एकदम रिकामी आहे, आणि मागे ऑइल नीट येत नाही. म्हणून उचलायचंच तर स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा. मी चाकं काढतच नाही. पिकअप उंच असते, आडवं होऊन आतून हात पोचतो. व्हॉल्व्हलाही निपल असेल तर मागची चाकं झाल्यावर तिथली हवा काढा, पुस्तिकेत काही वेगळं सांगितलं नसेल तर.

आता प्रत्यक्ष काम. निपलवर पाना आधी बसवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत, आणि बाटलीत दोन बोटं नवं ऑइल, टोक त्यात बुडलेलं. पेडलवर माझा थोरला मुलगा असतो. आमचे तीनच शब्द ठरलेले आहेत.

"दाब." तो सावकाश तीनदा दाबतो आणि तिसऱ्यांदा दाबूनच ठेवतो.

"धरलं," तो ओरडतो. मग मी निपल पाव वळसा सोडतो. नळीतून काळं ऑइल सरकतं, मध्ये एखादा बुडबुडा. पेडल खाली जातं, ठोकळ्यावर टेकतं.

मी निपल बंद करतो आणि मगच म्हणतो, "सोड."

हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडं असताना पाय सुटला, तर निपलच्या आट्यांमधून हवा आत ओढली जाते आणि त्या चाकाचं काम पहिल्यापासून. पहिल्या वर्षी पोराचं लक्ष मोबाइलकडे गेलं आणि आम्ही मागचं डावं चाक तीनदा केलं. तेव्हापासून मोबाइल घरात ठेवून यायचा.

घाईघाईत पेडल पंप करू नका, ऑइलला फेस येतो. नळीत स्वच्छ, फिकट सोनेरी ऑइल येऊ लागेपर्यंत आणि एकही बुडबुडा नसेपर्यंत चालू ठेवा. पहिल्या चाकाला सगळ्यात जास्त लागतं, कारण सबंध गाडीच्या लांबीचा पाइप रिकामा करायचा असतो. दर सहा-सात दाबांनंतर डबी बघा आणि भरा. यात चूक सगळ्यांची होते, माझीही झाली आहे. चाकाखाली पडून आपण डबी विसरतो, ती रिकामी होते आणि मास्टर सिलेंडर हवा पितो. आता मी नवी बाटली मुद्दाम बॉनेटच्या कडेवर, डोळ्यांना दिसेल अशी ठेवतो.

निपल घट्ट करताना हाताने, पान्याच्या आखूड टोकाला धरून. गळत नाही इतकंच घट्ट. पायाने दाबून घट्ट करणारे लोक पुढच्या वर्षीचं निपल आजच तोडून ठेवतात.

माणूस मिळाला नाही तर नळी बसवा, निपल अर्धा वळसा सोडा, डबीचं झाकण सैल करा आणि थांबा. ऑइल वजनाने आपोआप उतरतं. चहा होतो तेवढ्या वेळात थोडंसं येतं, पण येतं. फक्त डबीवर नजर ठेवा.

क्लचही ऑइलवर चालत असेल तर तो विसरू नका. काही गाड्यांत क्लचची डबी वेगळी असते, काहींत ब्रेकच्याच डबीतून नळी जाते. तिथलं ऑइलही तितकंच जुनं असतं. गियर घासून पडतात म्हणून लोक गियरबॉक्स उघडतात आणि कधी कधी निघते फक्त क्लचच्या लाइनमधली हवा.

७. रस्त्यावर नेण्याआधी

डबी 'मॅक्स'पर्यंत, त्याच्या वर नको. निपल कोरडी पुसा, टोप्या लावा. पेडलखालचा ठोकळा काढा. हसू नका, मी एकदा विसरलो होतो.

इंजिन चालू करून पेडल दाबा. पहिल्याच दाबाला घट्ट लागलं पाहिजे आणि धरून ठेवलं तर बुडता कामा नये. मग कोणाला तरी पूर्ण जोराने दाबायला सांगून चारही निपल आणि जोड बॅटरीच्या उजेडात बघा. ओल दिसली तर थांबा.

पहिली चाचणी अंगणात, चालण्याच्या वेगात. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर २० च्या वेगात चार-पाच वेळा थांबवून बघा, एका बाजूला ओढते का ते. रिकामी गाडी ठीक वाटली तर दुसऱ्या दिवशी अर्धा लोड. थेट भरून घाटात नेऊ नका. पेडल अजून मऊ असेल तर सगळी चाकं त्याच क्रमाने एकदा पुन्हा करा. तरीही मऊच असेल तर मास्टर सिलेंडर किंवा फुगलेले होज पाइप बघायला फिटरकडे.

घाटातली सवय तुमची तुम्हीच बदलायची आहे. ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरायचं. न्यूट्रलला टाकून वाचलेलं डिझेल मी एकदा मोजून बघितलं होतं, दोन फुटलेल्या गोण्यांपेक्षा कितीतरी कमी भरलं.

८. फिटरकडून करून घेणार असाल तर

काहीच गैर नाही. फक्त तिथे उभे राहा. ऑइलची बाटली तुमच्यासमोर सील फोडून उघडली पाहिजे. काम झाल्यावर जुनं ऑइल किती निघालं ते दाखवायला सांगा. चारही चाकांतून काढलं असेल तर बाटलीत अर्ध्या लिटरच्या पुढे काळपट ऑइल दिसतं. कपभरच असेल तर नुसती डबी उपसून भरली आहे. फिटरकडे पेनसारखा पाणी मोजायचा टेस्टर असेल तर छान, पण तो डबीत बुडवून "ओके आहे" म्हणाले तर विश्वास ठेवू नका. निपलमधून काढलेल्या ऑइलवर लावायला सांगा.

९. वही आणि ती काळी बाटली

साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं असं बहुतेक पुस्तिका सांगतात. तुमच्या पुस्तिकेत किलोमीटरही दिलेले असतील तर जे आधी येईल ते. माझी गाडी जुनी आणि घाटातली, म्हणून मी दरवर्षी करतो. वहीत तारीख, किलोमीटर, कुठलं ऑइल, किती लागलं आणि कुठलं निपल कुरकुरलं तेवढं लिहून ठेवतो.

निघालेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. गटारात, विहिरीजवळ, शेताच्या बांधावर ओतायचं नाही. जळक्या इंजिन ऑइलच्या ड्रममध्येही मिसळू नका, वेगळ्या बाटलीत गॅरेजवर द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते ठेवणं सगळ्यात धोक्याचं, कारण ते विषारी असतं आणि घरात लहान मुलं, दारात जनावरं असतात. मी रिकाम्या ब्रेक ऑइलच्याच बाटलीत भरतो, टोपण घट्ट लावतो, वर मार्करने 'जुनं' लिहितो आणि चाचांकडे पोचवतो. ते दर वेळी बाटली उजेडात धरून रंग बघतात. गेल्या वर्षी म्हणाले, "यंदा चहात दूध पडलंय."